चौसाळा ते तलवाडा, औरंगाबादमार्गे

चौसाळ्याहून तलवाडा किती लांब, असं कुणी विचारलं तर मी दोन उत्तरं देतो. बैलगाडीनं वीस-बावीस कोस, वाटेत दोन मुक्काम. विमानानं अर्धा तास. आणि मला लागले पाच दिवस. विचारणारा म्हणतो, ही तर तीन उत्तरं झाली. झाली तर झाली. तिन्ही खरी आहेत, आणि तिसरं माझ्या वाट्याला आलं. हसू नका. पुष्कळ जण हसून झाले आहेत.

राज्य निजामाचं होतं. हैदराबादहून औरंगाबादला विमान जायला लागून फार दिवस झाले नव्हते. विमान चालवणारे खालची सडक बघत बघत जायचे, म्हणून ते आमच्या डोक्यावरून जाई. वाटेत बिघाड झालाच तर उतरायला जागा पाहिजे, म्हणून सरकारनं चौसाळ्याबाहेरचा मुरमाड माळ साफ करून घेतला आणि मला तिथं राखणदार नेमलं. माळाच्या मधोमध चुन्याचं भलंमोठं रिंगण काढलेलं. एका खांबाला बाहीसारखी कापडी पिशवी बांधलेली, वारा कुठला आहे ते वरून कळावं म्हणून. गावानं त्या जागेला नाव ठेवलं होतं, इमानाचं खळं.

माझं काम म्हणाल तर दगड वेचायचे, गवत कापायचं, पावसानं धुपलेला चुना पुन्हा ओढायचा आणि दिवसभर दुसऱ्यांची शेरडं हाकलायची. आणखी एक होतं. विमान कधी गेलं ते तहसिलीला कळवायचं. घड्याळ कुणी दिलं नव्हतं. मग मी उन्हात उभा राहून माझीच सावली माझ्याच पावलांनी मोजायचो. 'सकाळी आठ पावलं सावली असताना गेलं,' असं मी चपराशाला सांगायचो, आणि तो आपल्या मर्जीनं त्या पावलांचे तास करून लिहायचा. ढग असले की मी अंदाजानं ठोकून द्यायचो. कुणी कधी विचारलं नाही. आठवड्यातून दोनदा ते जायचं, आणि इतक्या दिवसांत एकदाही खाली उतरलं नव्हतं.

लग्नानंतर बायको माझ्याबरोबर त्या माळावरच्या झोपडीत राहायला आली. तिचं माहेर तलवाड्याचं. घर भरलेलं, दारात माणसांची सतत ये-जा, आणि इथं तिला बोलायला मी आणि ती वाऱ्याची पिशवी. पहिल्याच दिवशी कमरेवर हात ठेवून तिनं सगळ्या माळाकडं बघून घेतलं आणि म्हणाली, "आवो, लोकं खळ्यात दाणं राखत्यात. तुमी काय राखताव?" मी चिडलो. सरकारी नोकरी आहे, म्हणालो. ती म्हणाली, "मंग सरकारला म्हनावं, दोन दाणं टाक." मग मलाच हसू फुटलं. माझा राग असाच होता, चटकन यायचा, आणि तिच्यापुढं त्याचं काही चालायचं नाही.

सातव्या महिन्यात तिचा भाऊ गाडी घेऊन आला आणि तिला घेऊन गेला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच. गाडी सडकेला लागेपर्यंत मी बघत उभा राहिलो आणि मग चुना कालवायला बसलो. त्या दिवशी चुना ओढायचा नव्हता, तरी ओढला.

त्यानंतरचे तीन महिने कसे गेले ते कसं सांगू! मला भूक लागायची नाही असं नाही, पण भाकरी थापली की एकच थापायची आणि एकट्यानंच खायची. भाकरी करपली तरी कुणी टोमणा मारायचं नाही. धनगरांचा कळप जवळून गेला की मी मुद्दाम भांडण उकरून काढायचो. "मेंढरं आत घातली का बे? दिसत न्हाई व्हय चुना?" मेंढरं आत आलेलीही नसायची. तो धनगर ओळखायचा. टेकून बसायचा, तंबाखू काढायचा आणि म्हणायचा, "करमना का, राखणदार?" मी म्हणायचो, मला काय धाड भरलीय! तो गेला की पुन्हा सगळा माळ माझ्या एकट्याच्या अंगावर यायचा. खरं सांगतो, मला करमत नव्हतं. एखाद्याला तहान लागते तशी मला तिची आठवण यायची, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

भादवा संपता संपता, एका सोमवारी, चौसाळ्याच्या बाजाराला आलेला तलवाड्याचा एक गाडीवान मला शोधत माळावर आला. त्या वर्षी पाऊस उशिरापर्यंत लांबला होता, सडक जागोजागी खचली होती आणि मोटारी आठ-दहा दिवस बंद होत्या, म्हणून सासरच्यांनी त्याच्या तोंडी निरोप धाडला होता. मुलगी झाली, नऊ-दहा दिवस झाले. मुलगी ठणठणीत आहे. पण बाळंतिणीला ताप आहे, तो उतरत नाही. सुईण म्हणते, नवऱ्याला बोलवून घ्या.

"लई हाय का ताप?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडं न बघता डोक्यावरचं मुंडासं काढून पुन्हा गुंडाळलं. "चला तुमी माझ्यासंगं, पाव्हणं. बाजार आटपलाय माजा. आता गाडी जुपली की बुधवारी सांच्याला आपून तलवाड्यात."

मला दुसरं काही सुचेना. जागा सोडायची तर तहसिलीची परवानगी लागते, हे आठवलं आणि तिथल्या तिथं विसरलो. बाळंतविड्यासाठी डिंक, खारीक, खोबरं जमवून ठेवलं होतं, ते फडक्यात बांधलं. धोतर बदललं. पायांना चुना लागला होता, तो धुवायलाही थांबलो नाही. झोपडीचं दार ओढून घेत होतो, तेवढ्यात आवाज आला.

विमानाचा आवाज मला पाठ होता. हा तसा नव्हता. मध्येच खोकायचा, मध्येच बंद पडायचा. वर बघतो तर ते अगदी खाली आलेलं, आणि बघता बघता दाणकन माझ्या माळावर टेकलं, उड्या मारत गेलं आणि रिंगणाच्या पलीकडं जाऊन उभं राहिलं. हात तिच्या! इतक्या दिवसांत नाही आणि नेमकं आजच!

लहानसंच होतं ते, दोन माणसांचं, वरून उघडं. पुढची जागा रिकामी, मागच्या जागेवरून चालवणारा उतरला. हैदराबादचा माणूस, पोरसवदा, चेहऱ्यावर तेलाचे शिंतोडे.

"ये कौन-सी जगह है, मियाँ?"

"चौसाळा, साब."

तेलाच्या नळीत कचरा अडकला होता म्हणे. त्यानं ती उघडून साफ केली, मी त्याला पाने-पकडी देत राहिलो. तोवर अर्धा बाजार माळावर लोटला होता. बाया, पोरं, पाटील, तो गाडीवानही. सगळे चुन्याच्या रेघेवर उभे, कुणी आत पाय टाकीना. मला त्याही वेळी जरा बरं वाटलं, इतक्या दिवसांची माझी आरडाओरड कुठंतरी मुरली होती तर. नळी जागेवर बसली, त्यानं हात पुसले आणि विचारलं, इथून औरंगाबाद किती वाटतं तुला? मी म्हणालो, चार दिवस. तो हसला. त्यानं मनगटावरचं घड्याळ दाखवलं आणि म्हणाला, एक तास.

एक तास! तलवाडा तर औरंगाबादच्या वाटेवरच. मग ते किती? माझ्या डोक्यात हिशोब झाला आणि मी त्याचे हात धरले.

"साब, मेरी औरत तलवाडे में बीमार है. तुमारे रस्ते में ही है. मेरे कू ले चलो."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, माझ्या पांढऱ्या पायांकडं पाहिलं, रिकाम्या जागेकडं पाहिलं. तोही तापट असता तर बरं झालं असतं. पण माणूस दयाळू निघाला.

"उल्टी तो नहीं करते?"

"आज तक नई किया, साब."

"हौ. बैठो."

आता इथं माझी चूक समजून घ्या, लगेच वेडा म्हणायची घाई करू नका. आमच्या मुलखात वाहन म्हणजे हाक मारली की थांबणारी गोष्ट. बैलगाडी थांबते, टांगा थांबतो. बीडच्या मोटारीत एकदा मी बसलो होतो, तर नेकनूरच्या वाटेवर एका म्हातारीची कोंबडी सुटली. ती धरून आणेपर्यंत अख्खी मोटार उभी राहिली, ड्रायव्हर स्वतः बोरीच्या काट्यात शिरला. बाळंतिणीकडं निघालेला माणूस असला तर वाट वाकडी करून त्याला दारात सोडतात, ही आमच्याकडची रीत. मग विमान का थांबणार नाही? ते नुकतंच माझ्या माळावर थांबलं होतं, माझ्या डोळ्यांसमोर. मला वाटलं, तलवाडा आलं की मागं वळून हात करायचा.

पाटील ओरडला, "खळं कोण राखंल बे?"

"तुमीच राखा आता!" मी म्हणालो.

गाडीवान मात्र रेघ ओलांडून जवळ आला. "पाव्हणं, कुटं उतरणार तुमी?"

"देवीच्या टेकडीखाली माळ हाय की. तितं उतरीन. तू हो पुडं, तुज्या आदी पोचतो मी."

त्यानं मान डोलवली. त्यालाही ते पटलं. तिथं उभ्या असलेल्या एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही, हे मी शपथेवर सांगतो.

विमानानं जमीन सोडली तेव्हा मी फडकं छातीशी घट्ट धरून डोळे मिटले. उघडले तेव्हा सगळं खाली गेलं होतं. माझं रिंगण दिसलं, एवढंसं. मी ज्याच्यासाठी जन्माचा घसा कोरडा केला ते एवढंसं! मग सडक दिसली, ओढे, काळी रानं, ज्वारीचे हिरवे पट्टे. बीड आलं आणि गेलं. चालत निघालो असतो तर बीड म्हणजे उद्याची गोष्ट. मी मनात तिच्याशी बोलायला लागलो. आलो बघ, म्हणालो. ताप कसला येतो तुला, आता मी आलो. सिंदफणेचं गढूळ पाणी पायाखालून गेलं आणि मला आनंदानं रडू आलं. वाऱ्यानं ते गालावर थांबतही नव्हतं.

मग टेकडीवरचं देवीचं देऊळ दिसलं. लग्नात आम्ही दोघं तिथं पाया पडायला गेलतो, मला ते ओळखू येणार नाही तर कुणाला? पायथ्याला गाव. घरं सगळी धाब्याची, वरून सगळी सारखीच, तिचं कुठलं ते कळेना. पण त्यातल्याच एका छपराखाली ती होती आणि माझी लेक होती. मी धोतर सावरलं, फडकं काखेत मारलं, मागं वळलो आणि मोटारीला करतात तसा हात केला.

त्यानंही हात हलवला.

"साब, रोको! आ गया!"

वाऱ्यात माझं मलाच ऐकू आलं नाही. मी पुन्हा हात केला, दोन्ही हात केले. तो हसला, त्याला वाटलं मला मौज वाटतेय. मला नीट दिसावं म्हणून त्यानं विमान एका अंगाला कलतं केलं, आणि सगळं तलवाडा माझ्यासमोर ताटासारखं धरलं. मी ओरडलो. थांब म्हणून ओरडलो, शिव्या दिल्या, हात जोडले. मग खाली वाकून तिचं नाव घेऊन ओरडलो. आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नाही. लग्नातल्या उखाण्यानंतर मी ते कधी घेतलं नव्हतं. त्या दिवशी सगळ्या मुलखाच्या वर बसून मी ते घेतलं, आणि कुणालाही ऐकू गेलं नाही. देऊळ मागं गेलं. पुढं पाण्याचा रुंद पट्टा आला, दोन्ही काठ सोडून पसरलेला. ती गोदावरी होती. गोदावरी तलवाड्याच्या पलीकडं आहे, हे मला माहीत होतं. नदी पायाखालून गेली तेव्हा मी ओरडायचा थांबलो.

औरंगाबादला उतरल्यावर तो हसत जवळ आला. "आ गए, मियाँ." मी विचारलं, तलवाडा? तो म्हणाला, कुठं आहे ते? मी आलो त्या दिशेला बोट दाखवलं. त्याला कळेपर्यंत थोडा वेळ गेला. मग त्याचा चेहरा उतरला.

"वो तो आधे घंटे में गुजर गया. बताना था ना. जहाज कोई तांगा है, मियाँ? वहाँ उतरता कैसे?"

मी त्याच्यावर चिडलो नाही. खरं तर तिथं चिडायला पाहिजे होतं, पण अंगात त्राणच नव्हतं. त्यानं खूप धडपड केली. कुणाला तरी सांगून मला खायला दिलं, मोटारीची चौकशी केली. मोटारी बंद. तिथल्या कचेरीनं, तू कोण, कुणाच्या हुकमानं आलास, हे विचारत मला संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. मंगळवारी सकाळी मी चालायला लागलो.

चालताना माणसाला दुसरा उद्योग नसतो, म्हणून मी गाडीवानाचा हिशोब करायचो. आता त्याची बैलं बीडला असतील. आता सिंदफणेला असतील. दर पाटीला, दर पारावर तो मला माझ्यापुढं दिसायचा. बुधवारी दिवस मावळताना मी शहागडला गोदावरीच्या काठाला आलो. पाणी लाल, आणि नावा वर ओढून ठेवलेल्या.

"पानी उतरू द्या," नावाडी म्हणाला. "उंद्या बघू."

"माजी बायको मरायला टेकलीय!"

तो माझ्यावर खेकसला नाही. म्हणाला, "ह्यातली नाव गेली तर ह्या समद्यांच्या बाया रांडमुंड व्हतील, दादा. बस खाली." काठावर तीस-चाळीस माणसं अडकून बसली होती. त्यात मी बसलो. त्याच वेळी पलीकडं, माझ्या हिशोबानं, गाडीवान तलवाड्यात बैलं सोडत होता. मी त्याच्या गाडीत बसलो असतो तर आता तिच्या उशाशी असतो. इतका एकटा मी माळावरही कधी नव्हतो.

नाव गुरुवारी दुपारनंतर सुटली. शुक्रवारी दुपारी मी तलवाड्यात पोचलो.

अंगणात माणसं बसली होती. मला बघून उठली, पण पुढं कुणी आलं नाही. मेव्हण्यानं डोक्यावरचे केस काढले होते. त्यावरून मला कळलं. तो म्हणाला, "दाजी, काल पहाटं गेली. दिवसभर तुमची वाट बघितली आमी. अग्नी तुमीच द्यायचा की. दिवस मावळला, मंग म्या दिला."

मी उंबऱ्यावर बसलो. सासू आतून आल्या, काखेत पोर. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, ते संपलं होतं.

"सोमवारी दुपारी इमान गेलं वरून," त्या म्हणाल्या. "आमी नेहमीसारकं बघितलं. मंग बुधवारी गाडीवान आला. म्हनला, पाव्हणं न्हाई आले अजून? त्ये तर सोमवारीच इमानात बसून निगाले. ती आत सुदीवर व्हती, जावईबापू. समदं ऐकलं तिनं."

"काय म्हनली?"

सासूंनी पोर दुसऱ्या काखेला घेतली. त्यांना ते सांगायचं नव्हतं आणि सांगितल्याशिवाय राहवतही नव्हतं.

"म्हनली, 'आई, मंग त्ये वरून गेले. थांबले न्हाईत.' दोनदा म्हनली. पुन्ना काय बोलली न्हाई."

"थांबत न्हाई त्ये!" मी ओरडलो. "त्ये थांबत नसतं!"

"आवो, हाक मारायची की," सासू म्हणाल्या. "कावून थांबंना? मानसानंच चालवलेलं ना त्ये?"

मी हाक मारली होती, असं मी सांगितलं. दोन्ही हात केले, शिव्या दिल्या, सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पोर माझ्या मांडीवर ठेवली. अंगणातल्या माणसांनीही मान हलवली. बाळंतिणीचा नवरा हाक मारतो आणि वाहन थांबत नाही, हे त्यांच्यातल्या एकालाही खरं वाटलं नाही. मी त्यांना दोष देत नाही. चार दिवसांपूर्वी मलाही वाटलं नसतं.

बायको गेली त्याचं दुःख मी इतर माणसांसारखंच सोसलं. बाळंतिणी तेव्हा घरोघर जायच्या, आणि मी वेळेवर पोचलो असतो तरी ताप काही माझ्या हातानं उतरला नसता. पण ती गेली ती मी डोक्यावरून गेलो आणि थांबलो नाही, असं समजून गेली. ते खोटं होतं. ते खोटं आहे एवढं तिला सांगायला बुधवारी संध्याकाळी मी तिथं पाहिजे होतो, आणि बैलगाडीनं मी तिथं असतो.